बटाट्याला आणखी काय दिलं?

…आणि वर मलाच म्हणतात, झोपत जा गं जरा! झोपत जा! जशी काही झोप कपाटात घडी करून ठेवलीय आणि मीच हट्टाने बाहेर काढत नाहीये! अहो, पाठ टेकते न टेकते तोच भिंतीपलीकडून सुरू… गुडगुड… गुळूक… गुडगुडगुड… आणि मग एकदम चिडीचूप. ती चिडीचूप सगळ्यात वाईट, तुम्हाला सांगते! आवाज येतोय तोवर निदान कळतं, की आहे. थांबला की माझे डोळे टक्क उघडे. वाज ना रे, म्हणते मनात, एकदा वाज. जगातली माणसं घरात आवाज आला की घाबरतात, मी आवाज बंद झाला की घाबरते! आणि भूतबित काही नाही हो, कुत्र्याचं पोट आहे ते. आमच्या कुत्र्याचं. बटाट्याचं.

नाव ऐकून हसू नका. आणलं तेव्हा तसाच होता तो, गोल, मातकट, ठेवाल तिथून घरंगळणारा. आणि मधे? मधे तर त्याच्याकडे बघून बटाटा आठवायचा नाही, बटाट्याचं साल आठवायचं. बरगड्या अशा वर आलेल्या, की माझी लेक एकदा त्यांच्यावरून बोट फिरवत म्हणाली, "आई, हा जिना झालाय." पाच वर्षांची आहे लेक. बटाट्या तिच्याही आधी आलेला या घरात, म्हणजे वयाने तो थोरला. तिच्या खाटेखाली झोपतो. आणि ही काय करते, हात खाली सोडते, त्याचा डावा कान मुठीत धरते, आणि तशी झोपते. लहानपणापासून. गोष्ट नको, गाणं नको, कान पाहिजे. तर माझी झोप कशाने उडालीय विचारता ना? त्याने. एखाद्या दिवशी हिने हात खाली सोडला… आणि कान नसला तर?

आता म्हणाल, एवढं काय झालंय? तेच तर! एवढं काय झालंय हेच कुणाला सांगता येईना! महिनोन्‌महिने पोट बिघडलेलं. दोन दिवस बरं, की परत सुरू. खाल्लेलं अंगाला लागत नाही, अधूनमधून ओकतो, जिन्यात थांबून माझ्याकडे बघतो, जणू मीच काहीतरी विसरलेय. नवऱ्याला सांगितलं, तर नवरा म्हणतो, "अगं, कुत्रा आहे." एवढंच. हे त्याचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर. अरे, कुत्रा आहे हे मला माहितीय, मी काय त्याला जावई समजत होते? सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हवा बदलली, की होतं असं." मग हवा बदलली. परत बदलली. सगळ्या हवा येऊन गेल्या, पोट जागच्या जागी!

आणि गंमत बघा, मी शिकलेली बाई! शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते मी घरी बसून. पचनसंस्थेचा धडा माझ्या हाताखालून इतक्यांदा गेलाय, की आतड्याचं चित्र मी झोपेत काढीन, झोप आली तर! लहान आतडं, मोठं आतडं, बाण दाखवा, नावे द्या. आणि माझ्या पायाशी खरंखुरं आतडं गुडगुडतंय, तर मला बाण कुठे दाखवायचा ते कळेना. शेवटी उचलला त्याला, अक्षरशः उचलला हो, पूर्वी दोघांना उचलायला लागायचा, आता कुशीत येतो… आणि नेला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे.

डॉक्टरबाई म्हणजे, कशा सांगू, छोट्याशा, चष्म्याला दोरी, आणि आवाज इतका हळू, की आपल्यालाच आपला श्वास आवरून ऐकावं लागतं. ओरडणारे डॉक्टर परवडले! त्यांनी बटाट्याचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं, पीठ मळताना अंदाज घेतात ना तसं, डोळे मिटून. आणि डोळे न उघडताच विचारलं, "खायला काय देता?"

मी म्हटलं, पाकिटातलं खाणं. चांगलं. पाकिटावर धावणाऱ्या कुत्र्याचं चित्र आहे.

"बरं. आणखी काय दिलं?"

"काही नाही."

घड्याळाची टिकटिक. बटाट्याचं गुळूक.

"आणखी काय दिलं?"

"म्हणजे… कधीतरी ब्रेडची कड."

"हं. आणखी काय दिलं?"

अहो, बिस्किटं निघाली, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग निघाला, लेकीच्या वाढदिवसाचा केक निघाला, तोही मागच्या वर्षीचा! मला वाटलं, आता ही बाई माझ्या शाळेतल्या कॉप्याही बाहेर काढणार. तीन शब्द हो! आणि ते तीन शब्द जे माझ्या मागे लागले, ते घरापर्यंत आले. नळ सोडला, की नळ म्हणतो, आणखी काय दिलं? दाराची बिजागरी कुरकुरते, आणखी काय दिलं? लिफ्टमध्ये एकटी असले, तर आरशातली बाई माझ्याकडे बघते ना, तीसुद्धा तेच विचारते. हळू आवाजात.

मग तपासण्या. तुम्हाला वाटेल, निदान म्हणजे डॉक्टर बघतात आणि सांगतात, अमुक झालंय. कसलं! या रोगाचं निदान म्हणजे नुसतं 'नाही नाही' म्हणत जायचं. जंत आहेत का? नाहीत. स्वादुपिंड? नाही. यकृत? नाही. मूत्रपिंड? नाही. एकेक दार उघडून बघायचं, आत कुणी नाही, बंद करायचं, पुढचं दार. आणि प्रत्येक बंद दाराबरोबर आपल्याला हायसं वाटायला पाहिजे ना? मला वाटायचं, दारं कमी होत चाललीत. म्हणजे जो कुणी आहे, तो उरलेल्यातच आहे.

शीचा नमुना न्यायचा होता, लागोपाठ काही दिवसांचा. थंड ठेवा म्हणाल्या. ठेवला. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, फ्रीजच्या अगदी मागे, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठी पडली! संध्याकाळी नवरा आला, फ्रीज उघडला, आणि काय खुशीत ओरडला, "अगं, आइस्क्रीम आणलंस? बोलली नाहीस!" मी बाथरूममधून, तोंडाला साबण, अशी धावले… "उघडू नकोस!" त्याने उघडला होता. दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, "अरे, कुत्रा आहे."

रक्त काढलं. डॉक्टरबाईंनी कागद बघितला आणि चष्मा खाली घेतला. चष्मा खाली घेतला, की समजायचं. म्हणाल्या, "रक्तातलं प्रोटीन कमी झालंय. आतड्यातून गळतंय. बी-ट्वेल्व्हही पार तळाला. त्याची गोळी देते, रोज संध्याकाळी."

गळतंय! तुम्हाला सांगते, माणसाने हा शब्द ऐकूच नये. मी घरी आले आणि घरातला प्रत्येक नळ घट्ट पिळला.

मग सोनोग्राफी. ती खोली अंधारी. कोपऱ्यात करडा पडदा, त्यावर करड्या सावल्या हलतायत, आणि एक थंडगार जेलीची बाटली. आणि माझे पाय दाराशीच थांबले. कारण अशाच खोलीत, अशाच पडद्यावर, मी माझ्या लेकीला पहिल्यांदा पाहिलं होतं! शेंगेएवढी होती. आणि सवय बघा कशी असते, मी त्या बटाट्याच्या पोटात काय शोधायला लागले माहितीय? ठोके! डॉक्टरबाईंचं बोट पडद्यावर, "ही आतड्याची भिंत, बघा, जाड झालीय." आणि मी म्हणतेय, "हलतंय ना? सगळं नीट हलतंय ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. जेली पुसायला कागद दिला, तो मी बटाट्याचं पोट पुसायच्या ऐवजी डोळ्यांना लावला. जेलीसकट.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "हे तीनातलं एक असतं. खाण्यामुळे बिघडलेलं असू शकतं. आतड्याची स्वतःचीच सूज असू शकते. आणि त्याहून वाईटही असू शकतं. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात."

'त्याहून वाईट' याला नाव असतं हो. त्यांनी घेतलं नाही, मी विचारलं नाही. पण ते आमच्याबरोबर घरी आलं. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर चढलं. चौथ्या मजल्यावर उतरलं. लेकीने दार उघडलं, बटाट्या आत गेला, मी आत गेले, आणि मी दार जरा जास्त वेळ उघडं धरलं… कुणासाठी, कोण जाणे.

आता इलाज काय? इलाज नाही, आधी निदान. आणि निदानाची रीत ऐका! डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी खाणं तपासू. हे खास खाणं. यातलं प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं, की आतड्याला ते ओळखूच येत नाही." म्हणजे वेष पालटून आलेलं जेवण! आतडं बिचारं पहाऱ्यावर, कोण रे तिकडे? जेवण म्हणतं, कुणी नाही, मी आपला सहज चाललोय. "काही आठवडे फक्त हेच," त्या म्हणाल्या. "आणि पाणी. बाकी कणभरही नाही. कणभर गेलं, तरी परीक्षा फुकट, आणि मला खोटं उत्तर मिळणार. परीक्षा त्याची नाही, तुमच्या घराची आहे."

माझ्या घराची! झालं. मी घरी येऊन फर्मान काढलं. सासूबाईंची बिस्किटांची बरणी वरच्या फळीवर. टोस्ट फक्त टेबलावर, उभ्याने नाही. लेकीच्या जेवणाच्या वेळी बटाट्या दुसऱ्या खोलीत. खाली पडलेला कण ज्याने पाडला त्याने उचलायचा. वर्तमानपत्रं टाकणाऱ्यालासुद्धा सांगून आले, तो घाबरून म्हणाला, "ताई, मी फक्त पेपर टाकतो!"

सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवाला तोंड मारायलाही बंदी? अगं, तो माझ्याकडे बघतो."

"बघू दे."

"डोळ्यांत पाणी आणून बघतो."

"अहो आई, त्याची जातच तशी आहे, डोळे गळतात त्याचे!"

"इतकी कठोर कशी गं झालीस?"

झाले! काय करू? मी लोकांचे हात हुंगायला लागले. खरं सांगते! नवरा ऑफिसला निघाला, की मी दारात, तो बिचारा लाजून गाल पुढे करायचा, आणि मी त्याची बोटं नाकाशी धरायची. लोण्याचा वास येतोय. "अगं, मीच खाल्लं ना लोणी!" तू खाल्लंस, की बोटं चाटवलीस? आणखी काय दिलं? ऐकलंत? माझ्या तोंडून! त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "तुझा आवाज कसा झालाय."

या सगळ्या धामधुमीत एकच सुख होतं, माझी लेक. एरवी हिचं दूध म्हणजे रोज सकाळी महायुद्ध. पण घरावर संकट आल्याचं लेकरालाही कळलं बघा, गपचूप पेला घेऊन खोलीत जायची आणि रिकामा आणून ठेवायची. चाटूनपुसून लख्ख! मी सासूबाईंना म्हणायचे, बघा, निदान एकजण तरी माझं ऐकतं.

आणि तरीही… गुडगुड. गुळूक.

आठवडे गेले, बटाट्या सुधारेना. डॉक्टरबाईंनी वजन केलं, काटा आणखी खाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणखी काय दिलं?"

"काही नाही हो! शपथेवर सांगते, काही नाही!"

चष्मा खाली आला. "मग खाण्यामुळे नाही, असं धरून पुढे जावं लागेल. त्याला भूल द्यायची, दुर्बीण आत घालायची, आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवायचे. पण…" पण म्हटल्यावर थांबू नये ना माणसाने! थांबल्या. बटाट्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रक्त इतकं पातळ झालंय, की मला भुलेची भीती वाटते. उठेलच असं नाही. तुम्ही एकदा घरी जाऊन नीट बघा. मग ठरवू."

उठेलच असं नाही.

तुम्हाला सांगते, मी घरी कशी आले मला आठवत नाही. रस्त्यात सगळे दिवे लाल लागले असतील, नाहीतर सगळे हिरवे. आले आणि स्वयंपाकघरात सगळ्यांना उभं केलं. नवरा, सासूबाई, लेक. बटाट्या मधोमध, मुद्देमालासारखा. "आज मला खरं पाहिजे," म्हटलं. "या घरात कुणीतरी याला काहीतरी देतंय. मी रागावणार नाही." आता बाई रागावणार नाही म्हणाली, की लोक दोन पावलं मागे सरकतात, तसे सरकले. सासूबाई म्हणाल्या, "माझी बरणी तर तू आभाळात ठेवलीयस." नवरा म्हणाला, "माझी बोटं तू रोज हुंगतेस." लेकीने मुठी पाठीमागे घेतल्या. मला वाटलं, माझ्या आवाजाला घाबरली.

आणि मी काय भाषण सुरू केलं! कण म्हणजे कण! आतड्याला कणही कळतो! तुम्हाला त्याची दया येते, पण तुमची दयाच त्याला मारतेय! बोलता बोलता गोळीची वेळ झाली म्हणून माझे हात आपले चाललेलेच, गोळी काढली, फ्रीज उघडला, नेहमीचं सगळं… आणि भाषण ऐन रंगात… तेव्हा लेकीने विचारलं, "आई, तुझ्या हातात काय आहे?"

मी म्हटलं, "औषध आहे, मधे बोलू नकोस."

"त्याच्यावर?"

मी खाली बघितलं.

चीज.

अहो, चीज! गोळी कडू असते, तो थुंकतो, म्हणून पहिल्या दिवसापासून मी ती चीजच्या तुकड्यात लपवून देत होते! रोज! न चुकता! कारण ते खाणं नव्हतं ना, ते औषध होतं! डोक्यातसुद्धा आलं नाही हो. सगळ्या घराचे हात हुंगले, स्वतःचे नाही हुंगले. ज्या भुताला मी घरभर शोधत होते, ते माझीच चप्पल घालून फिरत होतं. आणि बटाट्या समोर बसलेला, शेपटी हलवत, माझ्या हाताकडे अशा विश्वासाने बघतोय…

मी तिथेच फरशीवर बसले. त्याला कुशीत घेतलं, सगळी हाडं टोचली. आणि रडले. सगळ्यांसमोर, नाकातून आवाज काढून, जसं रडू नये तसं. "मीच घालत होते रे," म्हटलं, "मीच घालत होते, आणि जगाला विचारत फिरत होते." वर बघितलं, तर कुणी नाही! सासूबाई म्हणाल्या, गुडघा धरलाय, जरा पडते, आणि गेल्या. नवरा गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेला, झाडांना सकाळीच घातलेलं. लेक खोलीत जाऊन दार लावून बसली. मला वाटलं, साहजिक आहे, माझं तोंड बघवत नसेल कुणाला.

डॉक्टरबाईंना फोन केला. सांगितलं. मग तो हळू आवाज, "चीज." मी म्हटलं, "हो." "रोज." मी म्हटलं, "हो." म्हणाल्या, "दुर्बीण थांबवू. पहिल्यापासून सुरू करा. गोळी कुटून त्याच खाण्यात." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "होतं असं." तुम्हाला सांगते, आयुष्यात मला एवढं मोठं बक्षीस कुणी दिलं नाही!

आणि काय सांगू! हळूहळू… आधी ओकणं थांबलं. मग एक दिवस नवरा त्याला फिरवायला गेला आणि रस्त्यावरून फोन, श्वास लागलेला, "अगं, ऐक! बांधलेली झाली! अगदी बांधलेली! फोटो पाठवू?" पाठव म्हटलं! माझ्या फोनमध्ये लेकीच्या पहिल्या पावलाचा फोटो आहे ना, त्याच्या शेजारी तो आहे, दोन्ही बघून मला सारखंच भरून येतं. बरगड्या बुडायला लागल्या. जिन्याचा परत उतार झाला. भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला, आणि मी? मी जागीच! आता म्हणे, आवाज का येत नाही!

तेवढी एक लेकीची काळजी लागली. ती परत दूध टाकायला लागली. पेला अर्धा, पेला भरलेला, साय धरलेला. मला वाटलं, एवढ्या ताणाने पोरीची भूकच गेली. सासूबाईंची बरणीही हल्ली लवकर रिकामी होत नव्हती, म्हटलं, वय झालं. नवरा ब्रेडच्या कडा स्वतः खायला लागला, म्हटलं, सुधारला.

परवा डॉक्टरबाईंनी वजन केलं. रक्त बघितलं. चष्मा जागच्या जागी! "खाण्याचंच होतं," म्हणाल्या. "दुसरं नाही. तिसरंही नाही." मी खुर्ची धरली. मग म्हणाल्या, "आता शेवटची पायरी. सिद्ध करायचं तर जे दिलं होतं, ते थोडंसं परत द्यायचं. बिघडलं, की कळलं, तेच होतं. लगेच थांबवायचं. अंगात ताकद आलीय त्याच्या, घाबरू नका. चीज द्या."

घाबरू नका! अहो, ज्याने त्याला मारायला काढलं, ते मी माझ्या हाताने परत देऊ? म्हणे सिद्ध करायला! हे कसलं शास्त्र हो, बुडालेल्याला वाचवायचं आणि मग पाणीच होतं ना हे बघायला पुन्हा थोडंसं बुडवायचं? पण निदान पूर्ण पाहिजे. जन्मभर काय टाळायचं ते कळायला पाहिजे. म्हटलं, ठीक आहे. काल सकाळी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, साक्षीला. चीजचा तुकडा कापला, नखाएवढा. बटाट्याची शेपटी चाललीय.

आणि लेक मधे येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून, बटाट्याच्या पुढे.

"नको देऊ."

"अगं, एवढासाच. डॉक्टरबाई म्हणाल्यात. चीजने झालं होतं का ते बघायला."

"चीजने नव्हतं झालं," ती म्हणाली. "माझ्या दुधाने झालं होतं."

…

"रोज द्यायचे त्याला. तो पटकन पितो. आवाज पण करत नाही." आणि मग ओठ असे वाकडे झाले, "तू खाली बसून रडलीस ना, त्या दिवशी बंद केलं. तू म्हणालीस मीच, मीच. तू नव्हतीस. मी होते. मग मी रात्री कान धरून ऐकायचे… पोट वाजतंय का. थांबलं, की मला भीती वाटायची."

तुम्हाला सांगते… भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. एवढीशी पोर. इतके दिवस. एकच आवाज ऐकत, दोघी जाग्या! आणि मला वाटत होतं, घरात एकच माणूस पछाडलेलं आहे!

मी चीज ओट्यावर ठेवलं, तिला कुशीत घेतलं, बटाट्या मधे घुसला, त्याचा एक कान तिच्या मुठीत, एक माझ्या. म्हटलं, तू नव्हतीस गं, मी नव्हते, कुणी नव्हतं, बरा झाला ना तो आता, संपलं. खरोखर संपलं असतं हो! मी डोळे पुसत होते. सगळं इतकं छान चाललं होतं. आणि माझ्या तोंडातून, अगदी हळू, माझा नसलेलाच आवाज बाहेर पडला…

"आणखी काय दिलं?"

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. नवऱ्याने झारी उचलली. आणि लेकीने आधी आजीकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं, नाक वर ओढलं आणि म्हणाली,

"ते मी नाही सांगणार. आजीला वेगळं प्रॉमिस केलंय आणि बाबांना वेगळं."